खाकी कव्हराखालचं पान

बिनकव्हरचं पुस्तक दिसलं की बाबांचे हात शिवशिवत. सरकारी कचेरीत फाईली सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी चार आठवड्यांच्या सुट्टीवर परदेशातून आले, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या उशाजवळच्या कादंबरीला खाकी कव्हर चढलेलं होतं. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर आडनावासकट माझं नाव. मी अजून सहावीतच होते जणू. मला हसू आलं.

ती कादंबरी त्याने दिली होती. तो घानाचा, मी रायपूरची, दोघं एकाच इस्पितळात नर्स. कादंबरीत बोटीने परदेशी गेलेला एक शिंपी होता. रंगावरून झालेली हाडहूड, तिथे जडलेलं प्रेम आणि म्हातारपणी गावाकडे परतणं, अशी त्याची गोष्ट. पहिल्या पानावर त्याने निळ्या शाईत चार ओळी लिहिल्या होत्या. माझ्याशी लग्न करशील का, घरी विचारून ये, मी वाट पाहतो.

घरी म्हणजे बाबांना. आई गेल्यावर ते नव्या रायपुरात एकटे राहत होते. रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि बस कधी येईल ते सांगता येत नाही. दूध आणायचं तर बाबांची स्कूटर, दवाखान्यात जायचं तर बाबांची स्कूटर. फोन घेऊन गच्चीवर गेले की पाठोपाठ बाबा वाळलेले कपडे काढायला हजर. चाळिशीला टेकलेली बाई मी, आणि चार आठवडे त्यांच्या मागच्या सीटवर बसून काढत होते. जीव गुदमरायचा.

माझ्यासोबत घानाचेही लोक काम करतात हे कळल्यावर शेजारीण एकदा म्हणाली, "दीदी, उधर के लोग तो बहुत काले होते हैं ना?" बाबा समोरच होते. काही बोलले नाहीत. तो गप्पपणा मी मनात ठेवून दिला. दर चौदा एप्रिलच्या जयंतीला बाबा त्यांच्या लहानपणची गोष्ट सांगत. वर्ध्याकडच्या त्यांच्या गावात त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं, भांडं लागू नये म्हणून. रंगावरून नाही म्हणाले, तर तीच ओंजळ मी त्यांच्यासमोर धरणार होते. भाषण पाठ होतं, धीर तेवढा होत नव्हता.

शेवटच्या आठवड्यात धीर यावा म्हणून त्याच्या ओळी वाचायला पुस्तक काढलं. पहिलं पान सापडेना. कव्हराची आतली घडी त्या पानावर डिंकाने चिकटवलेली होती, चारही कडांनी, सुरकुती न पडू देता. खिडकीशी धरलं तेव्हा आत निळसर काहीतरी दिसलं. फाईलमधलं पान बाबांनी कधी फाडलं नाही. नको असलेल्या मजकुरावर ते कोरी पट्टी चिकटवत.

ते स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. मी चिडले की माझ्या तोंडून हिंदीच निघते. "आपने पढ़ा?"

"मले इंग्रजी येते, बेटा. जिंदगीभर टिपण्या कोणी लिवल्या?"

मग मी सगळं भाषण ओकून टाकलं. ओंजळ, पाणी, शेजारीण, त्याचा रंग. बाबांनी काड्या एकीकडे, पानं एकीकडे केली आणि माझं संपू दिलं.

"रंगाचं मले नको सांगू. माणूस खराब असता तं भांडलो असतो तुह्यासंग. चांगला दिसते, तू जाशीनच त्याच्यासंग, म्हणून चिपकवलं."

पाठ केलेलं सगळं दुसऱ्याच कुणा बापासाठी होतं.

"रविवारी जाय तू," ते म्हणाले. "इथून विमानतळाले बस नाही भेटत. मी सोडून देईन."

रविवारी सकाळी खाली पाहिलं. बाबा स्कूटर पुसत होते. मागची सीट दोनदा पुसली, मग फडकं झटकून तिसऱ्यांदा. त्यांनी दार अडवलं असतं, तर बॅग डोक्यावर घेऊन मी विमानतळापर्यंत पायी गेले असते.

मी खाली गेले आणि त्यांच्या हातातलं फडकं घेतलं. बॅग वरच राहिली, आणि त्या दिवशीचं विमान माझ्याशिवाय गेलं.