पिचरची बॅटिंग

कोविडच्या त्या वर्षी बाहेरच्या क्लबांशी खेळायला बंदी होती, म्हणून नेदरलँड्समधल्या लायडनच्या आमच्या क्लबातलीच मुलंमुली दोन संघ पाडून शनिवारी बेसबॉल खेळायची. पालकांना आत प्रवेश नव्हता. आम्ही कुंपणाबाहेर दीड-दीड मीटर अंतर राखून सायकली धरून उभे.

माझी तेरा वर्षांची लेक पिचर होती, म्हणजे चेंडू टाकणारी. तिच्या वाटची बॅटिंग मात्र दुसरीच एक मुलगी करायची. बेसबॉलमध्ये तशी सोय असते. मला ती सोय पहिल्या दिवसापासून खुपली. लहानपणी नाशिकला भाऊ माझ्याकडून भर उन्हात बोलिंग करून घ्यायचे आणि माझी बॅटिंग आली की खेळ मोडायचे. ते मी विसरले नव्हते.

एकदा कोच कुंपणापाशी आले, तेव्हा मी मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हटलं, "चेंडू टाकणाऱ्यानं स्वतःची बॅटिंग स्वतःच करावी. माझी मुलगी घरी येऊन रडते हो."

ती कधीच रडली नव्हती.

पुढच्या शनिवारी लेक बॅट घेऊन उभी राहिली. तीनदा आली, तिन्ही वेळा बाद झाली. ती दुसरी मुलगी हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसून होती. खेळ संपायच्या आतच तिची आई तिला घेऊन गेली.

घरी जाताना लेक कालव्याच्या पुलावर सायकलवरून उतरली.

"मी रडते असं कोचना कोणी सांगितलं?" तिनं डचमध्ये विचारलं. मीही सायकलवरून उतरले.

"तिला कोविड झाला होता, आई. अजून दम लागतो. फिल्डिंगला उभं राहता येत नाही, फक्त बॅटिंग जमते. माझी बॅटिंग तिला द्या, असं मीच कोचना म्हटलं होतं."

"मग मला सांगायचंस ना!"

"तू विचारलंस कधी?"

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले. पायरीखाली उभं राहून तिच्या आईला सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. ती शांतपणे म्हणाली, "मी सगळ्यांना नकोशी झालेय, असं वाटलं तिला." मुलगी आईच्या मागे येऊन उभी होती. मी तिची माफी मागितली. ती "ओके" म्हणाली आणि जिना चढू लागली. दोन पायऱ्यांनंतर कठड्याला धरून थांबली, श्वास घेतला, मग पुन्हा चढली. मला तिकडे बघवेना.

दोन आठवड्यांनी ती परत खेळायला आली. तिची बॅटिंग तिला मिळाली. तिची आई मात्र कुंपणापाशी माझ्यापासून दीड मीटरपेक्षा बरीच लांब उभी राहू लागली.

कोचना खरं सांगायला मला आणखी महिना लागला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुमच्या मुलीनं बॅट धरली, त्याच दिवशी तिनं सांगितलं. तुमच्यावर रागावू नका, असंही म्हणाली."