चेंडू मोजणारे शुमारीअण्णा

शुमारीअण्णांना समोर दिसेल ते मोजल्याशिवाय राहवत नसे. निजाम जाऊन नवं राज्य आलं तेव्हा एक पुढारी गुलबर्ग्याला भाषणाला आले आणि दोन तास बोलले. लोक भारावून घरी गेले. अण्णा मात्र मैदानाबाहेर येऊन म्हणाले, "'म्हणजे' एकशे चौदा, 'बंधूंनो' त्रेचाळीस, पाण्याचे घोट नऊ. कामाचं वाक्य एक, तेबी मागच्या पुढाऱ्याचं." मठात प्रवचन असलं की ते पहिल्या रांगेतल्या जांभया मोजत. एकदा तो आकडा त्यांनी खुद्द स्वामींनाच कन्नडमध्ये नम्रपणे सांगितला. तेव्हापासून स्वामींनी त्यांची बसायची जागा खांबाआड करून दिली.

त्यांचं खरं नाव कोणाच्या लक्षात नव्हतं. ते मूळचे आळंद तालुक्यातल्या खजुरीचे, लिंगायत घरातले. आकडे मोजायचे कन्नडमध्ये, भांडायचे मराठीत आणि अर्ज लिहायचे उर्दूत. शिरगणतीच्या वेळी ते त्या कचेरीत हंगामी कारकून होते. आमच्याकडे शिरगणतीला अजून निजामाच्या काळातलं 'मर्दुमशुमारी' हेच नाव चालायचं, त्यावरून हे शुमारीअण्णा. शिरगणती संपली, कचेरी उठली, अण्णांचं मोजणं काही उठलं नाही. पुढे ते गुलबर्ग्याच्या एका कापड गिरणीत हजेरी कारकून झाले आणि तिथेच माझी नि त्यांची गाठ पडली.

मी त्या गिरणीत कागदोपत्री विणकर होतो. खरं सांगायचं तर तिथं होतो तोवर ताणा कुठला आणि बाणा कुठला हे मला कधी कळलं नाही. आमच्या मॅनेजरसाहेबांना बास्केटबॉलचा नाद होता. गिरणीचा संघ म्हणून सात जण त्यांनी पटावर घेतले होते आणि खेळणं हेच आमचं काम होतं. मी कडगंचीचा, सहा फूट दोन इंच. उंची सोडली तर माझ्याकडे दुसरी लायकी नव्हती, पण ती एक होती ती सगळ्यांना लांबूनच दिसायची. चेंडू हातात आला की मी उडी घेऊन तो टोपलीकडे फेकायचो आणि कुंपणावर बसलेले लोक शिट्ट्या मारायचे. त्या शिट्ट्यांवरच मी जगत होतो.

अण्णा पहिल्यांदा खेळ बघायला आले तेव्हा बराच वेळ मान वर करून टोपलीकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "दिगंबर, त्या टोपलीला बूडच न्हाई की रे."

"नसतंच अण्णा. चेंडू खाली पडायला पाहिजे."

"मग टाकायलाव कामून? खालीच व्हता की."

तरीही ते दुसऱ्या दिवशी आले. कोटाचे चारी खिसे भरून आले. एका खिशात चिंचोके, एकात ज्वारी, एकात तुरीचे दाणे, आणि चौथा रिकामा. कोणी चेंडू मारला की एक चिंचोका रिकाम्या खिशात जायचा. चेंडू टोपलीत गेला की सोबत ज्वारीचा दाणा जायचा. कोणी दुसऱ्याच्या हातात नीट चेंडू दिला तर तुरीचा दाणा. दर सामन्याला एकाच खेळाडूवर नजर. त्यांच्या बायकोला, अक्कांना, या खेळाचा भारी राग. "कोट धुवायला टाकले तर खिशात मोड आल्ते," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

एका सामन्यात मी बारा वेळा चेंडू टोपलीत घातला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून उतरलो तर समोर अण्णा.

"बारा घातलास, खरंय. मारलास किती बार म्हाईत हाय?"

"किती?"

"एकतीस. म्हंजे एकोणीस चेंडू फुकट दिलास. दानधर्म करायलास काय? तो मस्तान बघ. मागल्या सामन्यात नऊ मारला, सहा घातला. त्याला कोन उचललं का?"

मस्तान आमच्या संघातला सगळ्यात बुटका. त्याचे वडील निजामाच्या फौजेत होते. पोलीस अ‍ॅक्शननंतर फौज मोडली आणि वडील घरी बसले ते बसलेच. आई आणि दोन बहिणी मस्तानच्या नोकरीवर. खेळताना तो कुठे आहे हे प्रेक्षकांना दिसायचंसुद्धा नाही. माझ्या काखेखालून यायचा, चेंडू द्यायचा, घ्यायचा आणि नाहीसा व्हायचा. त्याला कधी शिट्टी मिळाली नाही.

हळूहळू अण्णांचं वेड वाढत गेलं. गिरणीत जुन्या राजवटीतले उर्दू छापील तक्ते गठ्ठ्यांनी रद्दीत पडले होते. त्यांच्या कोऱ्या पाठीवर अण्णा मैदानाचा चौकोन आखायचे, त्याची बारा घरं पाडायचे आणि कोण कुठल्या घरातून मारतो, कोणाला चेंडू देतो, कधी हुकतो, सगळं मांडायचे. प्रत्येकाचा खेळ त्यात उघडा पडायचा. एक जण दमला की डावीकडे कलायचा. दुसरा आपल्याला मारावं लागू नये म्हणून चेंडू घाईघाईनं दुसऱ्याला द्यायचा. माझ्याबद्दलचं संशोधन त्यांनी सगळ्यांसमोर वाचलं: "पाच वाजेपत्तोर ह्येचा नेम बरा हाय. पाचला मुलींची शाळा सुटतीय. तिथनं पुढं ह्यो लांबनं मारायलाय आणि चार चार हुकायलाय." संघ आठ दिवस हसत होता. मीही हसलो आणि पाचनंतर जवळून मारायला लागलो. खोटं कशाला बोलू, खेळ सुधारला.

मग एके दिवशी गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली. मंदी होती, माणसं कमी करायची होती. मॅनेजरसाहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं की सातातला एक महिनाअखेर कमी होईल, दिगंबर नाहीतर मस्तान, पुढचे चार सामने बघून ठरवू.

चार सामने झाले. शेवटच्या सामन्यानंतर मी अण्णांना हजेरीच्या खिडकीशी गाठलं. साहेबांनी त्यांच्याकडे तक्ता मागितला होता.

"अण्णा, तक्त्यात नुसत्या घातलेल्या चेंडूंचा रकाना द्या ना. त्यात खोटं काही नाही."

"खोटं न्हाई. पर अर्धं हाय."

"साहेबांना पूर्ण कळतंय कुठं?"

"ते त्येंचं बघतील. मला पुरतं मांडायला पायजे."

माझं डोकं फिरलं. "जन्मात चेंडूला हात लावला नाही तुम्ही! दाणे मोजून खेळ कळतो होय?"

अण्णांनी खिडकीच्या गजांमागं हजेरीचा पट मिटला. "व्हय," म्हणाले, "न्हाई लावला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे तक्ते पसरले. साहेबांनी ते उलटे धरून उर्दूची बाजू पाहिली, सुलटे धरून चौकोन पाहिले आणि विचारलं, "ये शतरंज है क्या?" मग घातलेल्या चेंडूंची एक बेरीज तेवढी वाचली. माझी जास्त होती. मी राहिलो, मस्तान गेला. मस्तान मला शोधत आला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मुबारक भाई. दिल पो नक्को लेव."

मी पेढे घेऊन अण्णांच्या घरी गेलो. राग गेला होता. जिंकलेल्या माणसाचा राग लवकर जातो. अक्कांनी पाणी दिलं. अण्णांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. आत गेले आणि एक कागद घेऊन आले.

"ह्यो साहेबाला दाखवलो न्हाई," म्हणाले. "ह्यो तुझा हाय."

त्यावर फक्त माझे दिलेले चेंडू होते. कोणाला किती.

"नोटीस लागायच्या आधीच्या चार सामन्यांत मस्तानला अडतीस बार चेंडू दिलास. नोटीस लागल्यावरच्या चारांत पाच. त्या पाचांतले तीन तुझा तोल गेला म्हनून दिलास."

मी म्हणालो, "असं नाही होणार."

"मोजलोय."

मी शपथेवर सांगतो, मला ते माहीत नव्हतं. मस्तानला चेंडू द्यायचा नाही असं मी कधी ठरवलं नव्हतं. पण कागदाकडे बघताना एकेक गोष्ट दिसायला लागली. तो मोकळा उभा राहून हात पुढे करायचा आणि माझी नजर नेमकी दुसरीकडे असायची. आणि ज्याच्या हातात चेंडूच आला नाही तो घालणार कुठून?

"हे साहेबांना का नाही दाखवलंत?"

अण्णांनी हातातला पेढा कागदावर ठेवून दिला.

इथं मी ताबडतोब राजीनामा दिला असं लिहायला मला आवडलं असतं. मला चार दिवस लागले. चार दिवस मी रोज सकाळी हजेरीच्या खिडकीसमोरून गेलो, अण्णांनी रोज माझ्या नावापुढे खूण केली आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं की मी जातो, मस्तानला परत घ्या. साहेबांना वाटलं मला पोलिसांच्या संघानं फोडलं. त्यांनी मला आधी पगारवाढ देऊ केली, मग शिव्या दिल्या आणि मग निव्वळ मला खिजवायला त्याच दुपारी मस्तानला बोलावून घेतलं. मस्तानला खरं कारण कधी कळलं नाही. "हमना छोड को कां जारैं भाई?" म्हणून तो माझ्यावर रुसला. मी त्याला सांगितलं नाही. सांगायचं धाडस आजही झालं नसतं.

मी ड्रिलमास्तरचं शिक्षण घेतलं, गुलबर्ग्यातल्याच एका शाळेत लागलो. पुढे हैदराबाद राज्याचे तुकडे व्हायचं ठरलं. गुलबर्गा म्हैसूरकडे, उदगीर मुंबईकडे. मला उदगीरच्या शाळेत जागा मिळाली. निघालो त्या दिवशी मोटारस्टँडवर अण्णा आले होते. मोटार सुटायला वेळ होता. इकडचंतिकडचं बोलून झालं आणि मग ते एकदम म्हणाले,

"दिगंबर, ते मला नोटिशीनंतरच्या दुसऱ्या सामन्यालाच कळालतं."

"काय?"

"तू मस्तानला चेंडू देईनास ते. तवाच बोलायला पायजे व्हतं मी. मोजत बसलो. चुकलं माझं."

"मग बोलला का नाहीत?"

अण्णांनी स्टँडवरच्या गर्दीकडे पाहिलं. त्या दिवशी ते ती मोजत नव्हते. "तू उडी मारून वर गेलास ना, की चेंडू हातात घेऊन जरा तिथंच थांबल्यागत व्हयचास. मी आकडा मांडायचं इसरून बघत बसायचो. माझ्या कागदात लई जागा कोऱ्या हायत, त्या तुझ्यामुळं. तुला बोललो तर ते बंद व्हईल वाटलं." मग म्हणाले, "माझ्या भ्यानं त्या पोराची नोकरी गेलती, बघ."

मोटार सुरू झाली. खिडकीतून हात बाहेर काढून मी तो नुसता उंच धरून राहिलो. अण्णा वर मान करून हाताकडे बघत उभे होते. तेवढ्यात मागून कंडक्टर ओरडला, "ओ लंबे मियां, हात अंदर लेव, खंबे कू लगता!"