अर्धी राहिलेली माळ

आज सकाळी देवघरात जपाला बसलो असता, लिंबायतच्या आमच्या गल्लीत शेजारच्या सुमनबाई नायलॉनच्या दोरीचे टोक जाळून बंद करीत होत्या. त्या वासासरशी मी चाळीस वर्षांपूर्वीच्या सुळक्यावर जाऊन पोहोचलो.

पायथ्याचा रात्रीचा मुक्काम आवरून, त्याची एकही खूण न ठेवता मी आणि माझा मित्र दत्तू चढाईला निघालो होतो. तिसऱ्या टप्प्यावर तो वर चढत होता; त्याचा दोर माझ्या कमरेभोवतून हाती आला होता आणि मनात नित्याचा जप चालू होता. जप मध्येच मोडायचा नाही, हा माझा नेम.

“शास्त्रीबुवा, दोर ढिला करा,” तो वरून म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, “अहो, हात सुटतोय. देवाला जरा थांबायला सांगा.”

आवर्तन संपेपर्यंत मी दोर दिला नाही. तो कोसळला. दोर माझे तळहात जाळीत सरसरत गेला आणि कपारीत ठोकलेल्या पाचरीत अडकून ताठ झाला. मी हाका मारीत राहिलो. देवाजवळ मागायलाही तोंड उरले नव्हते, कारण त्याचे नाव घेता घेताच मी मित्राला पाडले होते.

बऱ्याच वेळाने क्षीण आवाज आला, “झाला का जप?”

“काका, एवढे टोक धरता का?” सुमनबाईंनी बाहेरून हाक मारली. माळ अर्धी ठेवून मी उठलो.