वाचन संपल्यावर

वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचतात निवृत्त सर. आवाज खणखणीत, पण पुस्तकातून मान म्हणून वर करणार नाहीत. खरं सांगायचं तर आम्ही निम्म्या बायका वाचनासाठी जातच नव्हतो. जायचो ते नंतरच्या बोलण्यासाठी. वाचन संपलं की शेजारच्या आत्याबाई पदर सावरायच्या आणि ऐकलेलं स्वतःच्या संसाराला लावून सांगायच्या. क्रोधावरचं वाचन झालं त्या दिवशी म्हणाल्या, "मालकावर रागावून चुलीत तांब्याभर पाणी ओतलं म्या. अन् उपाशी बी मीच झोपले." हसून हसून आम्ही बेजार.

पुण्या-संभाजीनगरला गेलेल्या आपल्या माणसांसाठी सर वाचनाचा व्हिडिओ वस्तीच्या ग्रुपवर टाकायला लागले. गावात रेंजची बोंब, मोठा व्हिडिओ जाता जात नाही, म्हणून ठरलं की वाचनापुरताच टाकायचा. कुणीच हरकत घेतली नाही. आत्याबाई तर म्हणाल्या, "मला कुठं वाचता येतंय? सरांचंच टाका." मोबाईल चालू असेपर्यंत त्या भिंतीला टेकून गप्प बसायच्या. बंद झाला की खुलायच्या.

मागच्या हिवाळ्यात जालन्याच्या दवाखान्यात त्या वारल्या. दोनच दिवसांचं दुखणं. त्यांची लेक पुण्याहून आली तेव्हा जो तो तिला आईचे किस्से सांगत होता, आणि ती नवलानं ऐकत होती. विहारातलं वाचन सुरू झालं ते तिच्या लग्नानंतर, आणि वर्षावासात ती कधी गावी आलीच नव्हती. परत गेल्यावर तिचा फोन आला. "वहिनी, आई विहारात काय बोलायची ते मी एकदाबी ऐकलं न्हाई. तिचा आवाज असलेला एखादा व्हिडिओ पाठवा ना."

मी हो म्हणून बसले आणि ग्रुपवरचे सगळे व्हिडिओ उघडून पाहिले. सर, सर आणि सर! मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. वाचलेलं तर पुस्तकात होतंच, ते कुठं पळून जात होतं? मग स्वतःचाही आला. दूरच्या माणसांसाठी म्हणून एवढा खटाटोप केला आणि त्यांना पाठवायचं तेच आम्ही पाठवलं नाही.

शेवटी एका व्हिडिओत सापडलं. वाचन संपतं, सरांचा हात मोबाईलकडे येतो आणि मागून आत्याबाईंचा आवाज येतो, "झालं का बंद? मंग आता माझं ऐका." तिथंच व्हिडिओ थांबतो.

तेवढाच होता. तेवढाच पाठवला.

थोड्या वेळानं लेकीचा फोन आला. रडून आवाज बसला होता, पण खूश होती.

"वहिनी, आईच हाय बघा, बराबर तिचाच आवाज. आता पुढचा पाठवा जल्दी."