गॅसही नाही, वीजही नाही

मैत्रिणींनो, सकाळपासून जिवात जीव नाही, म्हणून लिहितेय.

माझी लेक बाळंतपणाला वराळ्यात माझ्याकडे आलीय. आज बाळाच्या अंघोळीचं पाणी ठेवायला गेले, तर शेगडी पेटेना. रस्त्याच्या खोदकामात पाइप गॅसची लाइन तुटली होती. आणि पाइप आला म्हणून आमच्या अख्ख्या सोसायटीने हौसेने सिलिंडर परत केलेले!

मग घरोघरी इंडक्शन आणि गीझर एकदमच लागले. व्हायचं तेच झालं, ट्रान्सफॉर्मर उडाला.

इकडे बाळाला तेल लावून झालेलं. ते थंडीने कुडकुडून रडायला लागलं. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, येवढ्या मोठ्या घरात इस्तू पेटवायला जागा न्हाई व्हय?"

खरंच नव्हती. लेकीने बाळाला उघडंच छातीशी धरलं, वर आम्ही घरातल्या सगळ्या रजया टाकल्या.

दुपारी दोन्ही परत आलं. तेव्हापासून मी उगाचच बर्नर पेटवून बघतेय. लेक ओरडते, "आई, पुरे आता!"

पण उद्या पहाटेही थंडी आहेच. खरं सांगा, दोन्ही गेलं तर तुमच्या घरात तिसरं काय आहे?