मुखवट्यावरचं मुसकं

नगरहून शिल्पकार मॅडम खर्ड्याला आमच्या घरी आल्या. त्यांनी आधी गोठा पाहिला आणि मग माणसं. मला तिथंच शंका आली. त्यांना ऊसतोड करणाऱ्यांचे पुतळे करायचे होते, प्रत्येकाला जनावराचा मुखवटा घालून. माझी धाकटी जाऊ दर हंगामाला दिराबरोबर बैलगाडी घेऊन कारखान्यावर जाते. तिच्या हातांचा साचा हवा, वर बैलाचा मुखवटा येईल, असं त्या म्हणाल्या.

"चेहरा दिसणारच नाही. कुणी ओळखणार नाही."

"मग बैलाचं तोंड कशाला?" मी विचारलं.

"ते प्रतीक आहे."

जावेची अट एकच होती, गावात हसं व्हायला नको. आमच्याकडे एकदा 'बैल' नाव पडलं की पोरांच्या लग्नापर्यंत पुरतं. ती प्लास्टरमध्ये हात घालून बसली, तेवढ्यात मी चहाच्या निमित्तानं दोनदा डोकावून आले. मॅडम गेल्या आणि गोठ्यातल्या खुंटीवरचं मुसकं दिसेना. कोळपताना बैलानं पिकाला तोंड लावू नये म्हणून बांधतात ती दोरीची जाळी. उंदरानं नेलं असेल, असं घरचे म्हणाले. उंदीर दोरी कुरतडतो, खुंटीवरून उतरवून नेत नाही.

प्रदर्शनाचं बोलावणं आलं तशी मी जावेला घेऊन एसटीनं नगरला गेले. हॉलच्या मधोमध साडीवर पुरुषाचा शर्ट घातलेली बाई, हातात कोयता, मानेवर बैलाचं तोंड आणि त्यावर मुसकं. उजवी करंगळी वाकडी. कोयत्यातून वाचलेली जावेची ती करंगळी अख्खं गाव ओळखतं.

मॅडम पाहुण्यांना सांगत होत्या, "हे मुसकं म्हणजे तिचा दाबलेला आवाज."

"आक्का, माझा आवाज म्हनत्यात व्हय?" जावेनं मला विचारलं आणि पुढं झाली. "मॅडम, आमच्या मुकादमाला विचारा. मी बोलाया लागले की त्यो ट्रॅक्टरमागं लपतो."

पाहुणे हसले. ती थांबली नाही.

"आन् उसाच्या गाडीच्या बैलाला मुसकं कोन बांधतं? त्यो तिथं दिवसभर उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं खातो. मुसकं कोळप्याच्या बैलाला."

"आणि हे आमच्या गोठ्यातलं," मी म्हणाले. तुटलेल्या जागी निळ्या नायलॉनची गाठ मीच मारली होती.

"मी परत देणारच होते," मॅडम पुटपुटल्या.

"मंग आत्ताच न्हेतो. कोळपनी आलीया." जावेनं मुसकं सोडलं आणि पिशवीत टाकलं.

परतीच्या एसटीत मी करंगळीचा विषय काढला.

"दुसऱ्यानं सांगायच्या आधी मीच सांगते की," ती म्हणाली.

संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर तिनं सगळी हकिगत स्वतःच सांगितली, मुकादमाच्या नकलेसकट. चिडवायला कुणाला काही उरलं नाही.

परवा मॅडमचा फोन आला. एखादं जुनं मुसकं मिळेल का?

"कोणत्या कामाला?" मी विचारलं.

त्या अजून विचार करतायत.