डॉक्टरांची गाडी आणि रोहण्याचा उतार

काही घरांत जुनी भांडी साठतात, काही घरांत वर्तमानपत्रं. आमच्या घरात एका गाडीचे किस्से साठलेत. गाडी जाऊन जमाना झाला, पण पाहुणे आले, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, त्या गाडीचं सांगा ना!" मग मी सांगते आणि सगळे हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? त्या गाडीत बसलेली असताना मी कधी हसल्याचं मला आठवत नाही.

आधी गाडीची ओळख. आमच्या ह्यांचा आर्वीला दवाखाना. सगळा गाव त्यांना डॉक्टर म्हणायचा, म्हणून मीही डॉक्टरच म्हणते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी कापसाच्या धंद्यातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि जाता जाता आपली जुनी गाडी आमच्या गळ्यात बांधून गेला. दोन दारं, दोनच सीटा, पुढे लांबलचक नाक आणि पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. शर्यतीची गाडी! काट्यावर शंभराच्या पुढचे आकडे होते. डॉक्टर आल्यागेल्याला तो काटा दाखवायचे.

मी विचारलं, "अहो, आर्वी तालुक्यात शंभरनं जाणार कुठे?"

"अगं, जायचं नसतं," डॉक्टर म्हणाले. "जाता येतं, एवढं माहीत असलं म्हणजे झालं!"

* * *

जाता मात्र येत नव्हतं. आमच्याकडचे रस्ते काळ्या मातीचे. बैलगाड्यांच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मधे मातीचा उंच वरंबा. गाडीची चाकं चाकोरीत गेली की पोट वरंब्यावर घासायचं. आत बसून तो आवाज ऐकताना माझंच पोट घासल्यासारखं वाटायचं.

एकदा दगड लागून पेट्रोलची टाकी गळायला लागली. डॉक्टर आधी हात लावून बघत बसले, मग माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली. गाडीवाला उतरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "बाई, कपडे धुवाचा साबन हाये का?" योगायोगानं बाजारातून घेतलेली वडी माझ्या पिशवीत होती. त्यानं ती थुंकी लावून मळली आणि भोकात दाबून बसवली. गळती बंद! आम्ही आभार मानून निघेपर्यंत तो बैलगाडीत बसला आणि पुढे निघूनही गेला. रस्ता अरुंद. आर्वीपर्यंत शर्यतीची गाडी बैलगाडीच्या मागे.

गाडीवाला मधून मधून मागे वळून विचारायचा, "येऊन राह्यले ना, डॉक्टरसायब?"

* * *

दवाखान्याची कमाई कशात यायची? ज्वारीत, तुरीत, संत्र्यांत. एकानं तर बकरी आणून बांधली. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, घर चालत होतं. पण गाडीला ज्वारी चालेना! तिला लागायचं पेट्रोल, तेही दुसऱ्या गाड्यांच्या दुप्पट. टायर त्या मापाचे वर्ध्यात नाहीत, नागपुरात नाहीत, रेल्वेच्या पार्सलनं मुंबईहून मागवायचे. पार्सल येईपर्यंत डॉक्टर सायकलवर आणि गाडी विटांवर.

एकदा डॉक्टर पेट्रोल पंपावर संत्र्यांची टोपली घेऊन गेले. पंपवाले शेठ ओळखीचे. त्यांनी एक संत्रं सोललं, खाल्लं आणि म्हणाले, "गोड हाये डॉक्टर! टाकीत याचाच रस वता!"

* * *

गाडी एकदाच शर्यतीच्या गाडीसारखी पळाली. नागपूरहून वर्ध्याला येताना, पवनारच्या अलीकडे. डांबरी रस्ता, समोर कुणी नाही. डॉक्टरांच्या तोंडावर असं हसू मी लग्नातही पाहिलं नव्हतं. काटा साठावर गेला आणि पुढच्या बॉनेटचा पट्टा सुटला. धाडकन बॉनेट वर आलं आणि समोरच्या काचेवर आदळलं. मी डोळे मिटले. डॉक्टरांचे उघडे होते, पण आम्हा दोघांना सारखंच दिसत होतं.

गाडी धाम नदीच्या बरीच आधी थांबली.

वर्ध्याला रहीम उस्ताद म्हणून मिस्त्री होते. ही गाडी उघडायला तयार असलेले तेवढे एकच. मी त्यांना स्पष्टच विचारलं, "उस्ताद, हिच्यात नेमका दोष काय?"

उस्ताद हात पुसत म्हणाले, "बाईसाहब, गाडी में कोई खोट नहीं. बस, चलाने की नहीं है!"

* * *

त्यातच गाडीचा स्टार्टर गेला. सुटा भाग विलायतेहून यायचा होता, म्हणजे कधी येईल ते देवाला ठाऊक. हँडल मारायची सोय होती, पण पहिल्याच वेळी हँडल उलटं फिरलं आणि डॉक्टरांचा अंगठा निखळला. तेव्हापासून गाडी चालू करायची एकच रीत उरली. उतारावर लावायची, सोडून द्यायची आणि पळायला लागली की गिअर टाकायचा. उतार नसेल तर लोकांनी ढकलायचं. चालू झाली की बंद करायची नाही!

याच दिवसांत आर्वीतल्या एका व्यापाऱ्यानं मुलाच्या वरातीसाठी गाडी मागितली. डॉक्टरांना नाही म्हणवेना. वरात बँडच्या चालीनं चालली, त्यात गाडी तापली आणि बंद पडली. बँडवाल्यांनी वाजवणं सोडून ढकलायला सुरुवात केली. गाडी चालू झाली ती एकदम उसळी मारून! नवरदेवाला घेऊन मांडवासमोरून सरळ पुढे. थांबले तर बंद पडेल म्हणून डॉक्टर थांबेनात. गावाला वळसा घालून पुन्हा मांडवासमोर, पुन्हा पुढे. मुहूर्त टळत आला. नवरीचे वडील रडकुंडीला आले होते.

पुढच्या फेरीला ते रस्त्यात येऊन ओरडले, "जावईबापू, उडी मारा!"

* * *

इथपर्यंत सगळे हसतात. पुढचं सांगताना माझा आवाज थोडा बदलतो, असं माझी सून म्हणते.

खेड्यात रोगी बघायला जायचं तर इंजिन चालू ठेवावं लागे. पण डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानात घातला की त्यांना इंजिन ऐकू येत नसे. म्हणून मी सोबत जायची. डॉक्टर आत रोगी बघायचे आणि मी गाडीत ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसायची. रोग्याची नाडी त्यांच्या हातात, गाडीची माझ्या पायाखाली.

रोहण्याला गावाबाहेरच्या वस्तीत किसन राहायचा. सडकेवर मुरूम टाकायच्या कामावर होता. त्या दसऱ्याला ही सगळी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती. किसनच्या लहान मुलीला जुलाब-उलट्या लागल्या म्हणून आम्ही गेलो. मी पाय दाबून बसले होते. आतून किसनच्या बायकोचं रडणं ऐकू आलं आणि माझा पाय हलला. इंजिन बंद!

डॉक्टर मुलीला उचलूनच बाहेर आले. "हिला आत्ताच्या आत्ता आर्वीला नेऊन सलाइन लावायला पाहिजे," म्हणाले आणि त्यांच्या लक्षात आलं की गाडीचा आवाज नाही. रोहणा म्हणजे सपाट, पाटासारखं. पोरगी माझ्या मांडीवर, डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. वस्तीतली माणसं, बाया, सगळे ढकलायला लागले. काळ्या मातीत चाकं रुतायची. असं करत करत पार नाल्याच्या उतारापर्यंत ढकलली, तेव्हा चालू झाली. आर्वीपर्यंत मी त्या पोरीच्या छातीवर हात ठेवून बसले होते.

पोरगी वाचली. घरी येऊन मी डॉक्टरांना म्हटलं, "ही गाडी विका, नाहीतर मला माहेरी पोचवा." डॉक्टरांनी गाडी विकली नाही. रोहण्याला मात्र त्यांनी निरोप पाठवला, की तुमच्याकडे उतार नाही, गाडी घेऊन मी येणार नाही, रोगी आर्वीला आणा.

थोड्याच दिवसांनी किसन दवाखान्यात आला. "डॉक्टरसायब, आता येजा. उतार झाला."

जाऊन बघतो तर वस्तीत, किसनच्या दारासमोर मुरमाचा उंच चढ! चोपून पक्का केलेला, वर गाडी मावेल एवढी जागा आणि पुढे सरळ उतार. डॉक्टर भोवती फिरून आले आणि म्हणाले, "झकास! पण किसन, चावडीजवळ केला असता तर साऱ्या गावाला सोयीचं झालं असतं."

किसन म्हणाला, "सायब, मुरूम वाह्यला आमी, घाम आमचा. मंग उतार कोनाच्या दारात राहीन?"

* * *

आता शेवटचा. गाडीचे दिवेही लागत नव्हते, त्यामुळे उजेड आहे तोवर परत निघावं लागे. गावात गल्लोगल्ली फिरायला वेळच नसायचा. डॉक्टरांनी सांगून टाकलं, "मी किसनच्या अंगणात बसतो. ज्याला दाखवायचं त्यानं इथं यावं."

आधी फक्त वस्तीतले आले. मग गावातले एकदोघं येऊन लांब लिंबाखाली उभे राहू लागले. डॉक्टर त्यांना हात करून जवळ बोलवायचे.

एक दिवस पाटलांचा गडी आला. "आजीचा दमा उसळला, डॉक्टरसायबांले वाड्यावर बोलावलं." डॉक्टरांनी सूर्याकडे पाहिलं, अंगणात बसलेल्या रोग्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजींना इथं आणा." आजी म्हणजे पाटलांची आई. पाटील म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. कुणाला काय बोलतील याचा नेम नसे.

आणली. चौघांनी बाज उचललेली, वर आजी बसलेली, बाजूला पाटील तोंड मिटून चालतायत. डॉक्टरांनी छाती तपासली, गोळी हातात दिली. "ही आत्ता लगेच पाण्यासोबत घ्या."

पाणी! घाईत वाड्यावरून कुणी तांब्या घेतला नव्हता. पाटलांनी गड्याला परत पिटाळलं. वाडा गावाच्या पार त्या टोकाला. आजीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. किसनची बायको दारात उभी, माठ तिच्यामागे दिसत होता. ती हलली नाही. किसनही हलला नाही. मी एकदा आजीकडे बघत होते, एकदा रस्त्याकडे.

आजीनं मान वर केली. "पोरी, तुह्या घरी पानी नाई का वो?"

किसनच्या बायकोनं पाटलांकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडेही पाहिलं नाही. आत गेली, पेला भरून आणला, आजीच्या हातात दिला. आजीनं गोळी घेतली, पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. दुसराही प्यायली. पाटील गाडीची चाकं निरखत होते.

आजीचा श्वास जरा खाली बसला, तसा डॉक्टरांनाही धीर आला. वातावरण हलकं करायला म्हणून ते म्हणाले, "आजी, आज तुम्हाला त्रास झाला. पण आता काळजी नको. गाडीचा सुटा भाग वर्ध्याला आलाय, उस्ताद या आठवड्यात बसवून देतात. मग गाडी कुठेही चालू होईल. पुढच्या वेळी मी सरळ तुमच्या वाड्यावरच येतो!"

आजी किसनच्या बायकोला म्हणाली, "बस इथं माह्याजवळ." ती बाजेच्या कडेला टेकली. मग आजीनं चढावर उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे नीट पाहिलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तेवढी गाडी मातर दुरुस्त नका करू."